मायएसक्यूएलचा रात्रीचा इव्हेंट मधेच चालणं बंद होतो: कुठून कुठून तपासायचं आणि कायमचा बंदोबस्त कसा करायचा

कळमना मार्केटातले अडते, इतवारीतले होलसेलवाले, हिंगणा एमआयडीसीतले छोटे कारखाने, यांचं बिलिंगचं नाहीतर स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींकडून एकच तक्रार वारंवार येऊन राहिली आहे, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो. तक्रार अशी की मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये रोज रात्री दोनला चालणारा इव्हेंट (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला, दिवसभराच्या पट्ट्या, आडत, हमाली, जमा-खर्च एकत्र करून रोजमेळाच्या टेबलात एक ओळ टाकायची एवढंच त्याचं काम, लावला तेव्हा मस्त चालला, काही दिवस चालत राहिला आणि मग एका सकाळी शेठजी रिपोर्ट उघडतात तर गेल्या चार दिवसांचा रोजमेळच नाही. एरर नाही, मेसेज नाही, काहीच नाही. मग कोणीतरी इव्हेंट डिलीट करून परत बनवतो, तो पुन्हा चालायला लागतो, सगळे खूश, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीतच लिहितो, मशीनवर मात्र रोमनमध्येच टाइप करायची, अंडरस्कोर जिथे आहे तिथे तसाच ठेवलाय.

आधी हे समजून घ्या की परत बनवल्यावर तो काहून चालतो, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. आपल्याकडे छोट्या दुकानांत बहुतेक जागी झॅम्प (वेबसर्व्हर, डेटाबेस वगैरे एकत्र देणारं पॅकेज) टाकलेलं असतं, आणि झॅम्पमध्ये मायएसक्यूएल असं बटण दिसत असलं तरी आत मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलमधूनच निघालेला वेगळा डेटाबेस, असते. मारियाडीबीत इव्हेंट शेड्युलर, म्हणजे वेळ झाली की इव्हेंट चालवणारा डेटाबेसमधला भाग, मुळात ऑफ असतो. मायएसक्यूएलमध्येही ५.७ पर्यंत ऑफच होता, ८.० पासून तो डिफॉल्ट ऑन झाला. आता माणूस काय करतो, ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या इव्हेंट्सच्या टॅबमध्ये जातो, तिथे शेड्युलर ऑफ दिसतो, बटण दाबून ऑन करतो, इव्हेंट बनवतो आणि काम झालं समजतो. पण ते बटण आतून फक्त "सेट ग्लोबल" करतं, म्हणजे डेटाबेस सर्व्हर चालू आहे तोवरच ते टिकतं, सर्व्हर रीस्टार्ट झाला की सेटिंग पुन्हा फाइलमधून वाचलं जातं आणि शेड्युलर पुन्हा ऑफ. इव्हेंट मात्र जागेवरच असतो, त्याच्यापुढे "एनेबल्ड" असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं सगळं बरोबर आहे. दुसऱ्यांदा इव्हेंट बनवताना त्याने बटणही पुन्हा ऑन केलेलं असतं, चालण्याचं कारण ते बटण असतं आणि श्रेय जातं डिलीट करून परत बनवण्याला. म्हणून हा प्रॉब्लेम परत परत येतो.

आणि नागपुरात रीस्टार्टला काय कमी आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास फिरत असतो, मधेच लाइट जाते, यूपीएसची बॅटरी जुनी झालेली असते, मशीन गरम होऊन आपोआप बंद पडतं, नाहीतर रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची सवय असते. एकदा मशीन बंद होऊन चालू झालं की झालं.

तर पहिली तपासणी हीच. "शो प्रोसेसलिस्ट" चालवा आणि यूजरच्या रकान्यात इव्हेंट_शेड्युलर नावाची ओळ दिसते का पाहा, कमांडच्या रकान्यात "डीमन" लिहिलेलं असेल. ती ओळ असेल तर शेड्युलर जिवंत आहे. ओळ नसेल तर इव्हेंटमध्ये हात घालण्यात काही अर्थच नाही, आधी शेड्युलर उठवा. ही ओळ दिसायला प्रोसेसचा अधिकार लागतो, म्हणून हे रूट किंवा तसा अधिकार असलेल्या यूजरनेच पाहा, साध्या यूजरने पाहिलं तर ओळ असूनही दिसणार नाही. मग "शो व्हेरिएबल्स लाइक" लावून इव्हेंट_शेड्युलरची व्हॅल्यू पाहा. ऑन किंवा ऑफ असेल तर सोपं आहे. "डिसेबल्ड" आलं तर मात्र चालू सर्व्हरवर ते बदलताच येत नाही, कॉन्फिग फाइल दुरुस्त करून रीस्टार्टच करावं लागतं. डिसेबल्ड येण्याचं एक कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे: कोणीतरी कधीतरी रूटचा पासवर्ड विसरला म्हणून फाइलमध्ये स्किप-ग्रँट-टेबल्स टाकलं आणि काढायचं राहून गेलं. त्या सेटिंगबरोबर शेड्युलर डिसेबल्ड होतो. आणि ते सापडलं तर इव्हेंटची गोष्ट बाजूला ठेवून आधी ते काढा, कारण तसा डेटाबेस म्हणजे पासवर्डशिवाय कोणालाही उघडा आहे.

कायमचं ऑन करायचं तर मायडॉटआयएनआय (लिनक्सवर मायडॉटसीएनएफ) फाइलमध्ये इव्हेंट_शेड्युलर=ऑन अशी ओळ टाका, आणि ती चौकोनी कंसातल्या मायएसक्यूएलडी या भागाखालीच टाका, शेवटी डी असलेला. क्लायंटच्या भागात टाकली तर सर्व्हर तिच्याकडे पाहणारच नाही. मायएसक्यूएल ८ असेल तर "सेट पर्सिस्ट" वापरता येतं, ते रीस्टार्टनंतरही टिकतं. मारियाडीबीत सेट पर्सिस्ट नाही, तिथे फाइलच. क्लाउडवरचा मॅनेज्ड डेटाबेस असेल, अ‍ॅमेझॉन आरडीएस वगैरे, तर तिथे फाइलला हात लावता येत नाही, पॅरामीटर ग्रुपमध्ये जाऊन बदलावं लागतं. टाकल्यावर एकदा मुद्दाम रीस्टार्ट करून प्रोसेसलिस्ट पुन्हा पाहा, ही पायरी सोडू नका, चुकीच्या फाइलमध्ये ओळ टाकलेली असते हे इथेच कळतं. आणि झॅम्पवाल्यांनी हेही पाहावं की विंडोज चालू झाल्यावर डेटाबेस आपोआप उठतो का, कारण सर्व्हिस म्हणून बसवलेला नसेल तर कंट्रोल पॅनलमध्ये कोणी स्टार्ट दाबेपर्यंत तो बंदच असतो.

शेड्युलर जिवंत आहे पण इव्हेंट चालून नाही राहिला, असं असेल तर

इन्फॉर्मेशन_स्कीमामधलं इव्हेंट्स टेबल उघडा. "शो इव्हेंट्स" फक्त चालू डेटाबेसमधलेच दाखवतं, त्यामुळे तिथे नाही म्हणजे कुठेच नाही असं समजू नका. या टेबलात स्टेटस, डिफायनर, टाइम_झोन, स्टार्ट्स, एंड्स आणि लास्ट_एक्झिक्यूटेड हे रकाने महत्त्वाचे.

इव्हेंटच गायब असेल तर दोन शक्यता आधी पाहा. एक म्हणजे सर्व्हर बदलला, डम्प (डेटाबेसची फाइलमधली प्रत) घेऊन नव्या मशीनवर टाकला. मायएसक्यूएलडम्प ट्रिगर आपोआप घेतो पण इव्हेंट घेत नाही, त्याला इव्हेंट्सचं ऑप्शन वेगळं द्यावं लागतं, स्टोअर्ड प्रोसीजरसाठी रूटीन्सचं ऑप्शन वेगळं. टेबलं सगळी आली, डेटा आला, ट्रिगरही आले, त्यामुळे सगळं आलं असं वाटतं आणि इव्हेंट मागे राहिला हे महिनाअखेरीला कळतं. तुमची रोजची बॅकअप बॅच फाइल आत्ताच उघडून पाहा त्यात ही दोन ऑप्शनं आहेत का. दुसरी शक्यता, इव्हेंटला शेवटची तारीख दिली होती आणि ती उलटून गेली. "ऑन कंप्लीशन प्रिझर्व्ह" लिहिलेलं नसेल तर मुदत संपल्यावर इव्हेंट स्वतःच पुसला जातो, हा बग नाही, तसंच ठरवलेलं आहे.

इव्हेंट आहे पण स्टेटसमध्ये स्लेव्हसाइड_डिसेबल्ड (नव्या व्हर्जनमध्ये रेप्लिका असं नाव) दिसलं, तर हा सर्व्हर आधी रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरची सतत ताजी होणारी प्रत, होता. रेप्लिकावर इव्हेंट मुद्दाम बंद ठेवले जातात, नाहीतर तेच काम दोनदा होईल. पण मुख्य सर्व्हर पडला आणि रेप्लिकाला मुख्य केलं तर हे इव्हेंट आपोआप चालू होत नाहीत, एकेकाला "ऑल्टर इव्हेंट" करून एनेबल करावं लागतं. गडबडीत हेच राहून जातं.

डिफायनरचा मुद्दा आपल्याकडे फार होतो. इव्हेंट ज्याच्या नावावर आहे त्याच्या अधिकाराने चालतो, तुमच्या नाही. जुना डेव्हलपर सोडून गेला, त्याचं लॉगिन काढून टाकलं, झालं, त्याने बनवलेले सगळे इव्हेंट त्या रात्रीपासून फेल. टेबलात ते एनेबल्डच दिसतात. दुसऱ्या मशीनवरून डम्प आणला आणि तो यूजर इथे नाही, तरी हेच. उपाय सोपा आहे, योग्य यूजरने लॉगिन करून ऑल्टर इव्हेंट चालवलं की तोच नवा डिफायनर होतो. पण यापुढे अशा कामांसाठी माणसाच्या नावाचं लॉगिन वापरूच नका, वेगळं एक लॉगिन बनवा, त्याला लागतील तेवढेच अधिकार द्या आणि कोणी आलं-गेलं तरी त्याला हात लावू नका.

चालला, पण भलत्याच वेळी

हा प्रकार क्लाउडवर सर्व्हर गेला की सुरू होतो. तिथलं घड्याळ बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपण साडेपाच तास पुढे. इव्हेंट बनवताना सेशनचा जो टाइम झोन असतो तोच इव्हेंटला चिकटतो. म्हणजे तुम्ही रात्री दोन लिहिलं आणि झोन यूटीसी होता तर काम चालणार आपल्या सकाळी साडेसातला. कळमन्यात तोपर्यंत लिलाव सुरू होऊन पट्ट्या पडायला लागलेल्या असतात, अशा वेळी जड क्वेरी चालली की काउंटरवरचं सॉफ्टवेअर अडकतं आणि शिव्या नेटवर्कवाल्याला पडतात.

याच्याहून वाईट दुसरी गोष्ट आहे. वेळ कोणीतरी हिशोब करून बरोबर लावली, यूटीसीचे २०:३० म्हणजे आपले रात्रीचे दोन, काम वेळेवर चालतं, पण इव्हेंटच्या आत आजची तारीख देणारं जे फंक्शन आहे ते यूटीसीचीच तारीख देतं, जी त्या क्षणी आपल्यापेक्षा एक दिवस मागे असते. त्यामुळे "कालचा रोजमेळ" म्हणून परवाचा बनतो. आकडे दिसतात बरोबर, फक्त एक दिवस सरकलेले, आणि हे कोणाच्या लक्षात यायला फार वेळ लागतो. म्हणून इव्हेंट बनवायच्या आधी सेशनचा टाइम_झोन '+०५:३०' असा सेट करा (मशीनवर अर्थात इंग्रजी आकड्यांत) आणि मग क्रिएट इव्हेंट चालवा. आशिया/कोलकाता असं नाव टाकायचं तर टाइम झोनची टेबलं सर्व्हरवर भरलेली लागतात, नसली तर एरर येतो. आपल्याकडे उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ मागेपुढे होत नाही, त्यामुळे +०५:३० बेधडक वापरा. आणि "एव्हरी १ डे" लिहून स्टार्ट्स दिलंच नाही तर ज्या मिनिटाला इव्हेंट बनवला तीच त्याची रोजची वेळ होते, दुपारी चारला बनवला तर रोज दुपारी चार, हेही बऱ्याच जागी सापडतं.

लास्ट_एक्झिक्यूटेड ताजं आहे, तरी काम झालेलं नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा थांबून सांगतो. लास्ट_एक्झिक्यूटेड ही काम सुरू झाल्याची वेळ असते. पूर्ण झालं का, मधेच लॉकवर अडकून मेलं का, पहिल्याच ओळीवर एरर आला का, यातलं काहीही हा रकाना सांगत नाही. इव्हेंटमध्ये एरर आला तर तो स्क्रीनवर कोणाला दिसणार, समोर कोणी बसलेलंच नाही, तो सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये जातो आणि ती फाइल दुकानात कोणी उघडत नाही. आतमध्ये तपासणीसाठी सिलेक्ट टाकून ठेवलं असेल तर त्याचा रिझल्टही हवेत जातो.

म्हणून कामाने स्वतःची नोंद स्वतः ठेवली पाहिजे. एक साधं टेबल बनवा: कामाचं नाव, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, किती ओळींवर काम झालं, एररचा मजकूर. काम सुरू होताच एक ओळ टाका आणि लगेच कमिट (पक्की) करा, मग खरं काम, मग शेवटी तीच ओळ अपडेट करून संपल्याची वेळ भरा. सुरुवातीची ओळ वेगळी कमिट करायला सांगतोय कारण ती त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये राहिली तर एररनंतरच्या रोलबॅकमध्ये (केलेले बदल मागे घेताना) तीही पुसली जाते आणि पुरावाच उरत नाही. एररसाठी एसक्यूएलएक्सेप्शनचा एक्झिट हँडलर (एरर आला की चालणारा कोड) लावा आणि त्यात सगळ्यात पहिली ओळ "गेट डायग्नोस्टिक्स" ची ठेवा, रोलबॅक त्यानंतर, कारण आधी रोलबॅक केलं की एररचा मजकूर हातातून गेला. या टेबलात सुरू झाल्याची वेळ आहे आणि संपल्याची नाही, अशी ओळ दिसली की समजायचं काम मधेच मेलं किंवा अजून चालू आहे.

मशीनच बंद होतं, मग काय

आता वरचं सगळं नीट केलं, शेड्युलर पक्का ऑन, डिफायनर बरोबर, झोन बरोबर, तरीही दुकानातल्या सर्व्हरवर खाडे पडत राहतील, कारण रात्री दोनला ते मशीन चालूच नसतं. सर्व्हर बंद असताना चुकलेली वेळ मायएसक्यूएल भरून काढत नाही. सकाळी दहाला मशीन चालू झालं तर तो पुढची वेळ पाहतो, म्हणजे आज रात्रीचे दोन, आणि तेव्हा पुन्हा मशीन बंद. असा इव्हेंट आयुष्यभर चालणार नाही आणि आयुष्यभर एनेबल्ड दिसेल.

इथे लोक सांगतात की मशीन चोवीस तास चालू ठेवा, यूपीएस मोठा घ्या. घ्या, चांगलंच आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की खरा दोष काम ज्या पद्धतीने लिहिलंय त्यात असतो. काम लिहिलेलं असतं "कालचा रोजमेळ बनव" असं. त्यात काल हा शब्द चालण्याच्या वेळेवर अवलंबून आहे, ती वेळ हुकली की तो दिवस कायमचा हुकला, कारण उद्या काल म्हणजे दुसरीच तारीख. काम असं लिहा की "ज्या तारखांचा रोजमेळ बनायचा राहिलाय ते सगळे बनव". जुने मुनीम मागचं पान बंद केल्याशिवाय पुढच्या पानावर हात ठेवत नसत, दोन दिवस गावाला गेले तर परत आल्यावर आधी ती दोन पानं पूर्ण करत, तसंच.

करायचं कसं, तर रोजमेळाच्या टेबलात तारखेवर युनिक की लावा, म्हणजे एका तारखेची एकच ओळ राहील. मग कालपर्यंतच्या तारखांची यादी काढा, मायएसक्यूएल ८ किंवा मारियाडीबी १०.२ च्या पुढे असाल तर रिकर्सिव्ह सीटीईने (स्वतःलाच पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या क्वेरीने) निघते, जुनं असेल तर एक कॅलेंडर टेबल बनवून ठेवा, आणि त्या यादीला रोजमेळाच्या टेबलाशी लेफ्ट जॉइन करून ज्या तारखा सापडत नाहीत त्या एकेक करून भरा, प्रत्येक तारखेनंतर कमिट. काही लोक नुसती सगळ्यात मोठी तारीख काढून तिथून पुढे भरतात, तेही चालतं, पण मधे आधीच पडलेली भोकं त्याने भरत नाहीत, म्हणून मी यादीवाली पद्धतच सांगतो.

एक बारीक गोष्ट, रविवारी, पोळ्याला, मारबतीच्या दिवशी, दिवाळीत धंदा नसला तरी त्या तारखेची शून्याची ओळ टाकाच. नाहीतर सुट्टी होती की काम चाललं नाही हे कळायला मार्ग नाही, आणि ती तारीख रोज राहिलेल्यांच्या यादीत येत राहील.

मग वेळेचा हट्टच सोडा. रात्री दोनला एकदा, याऐवजी दर तासाला चालवा. काही राहिलं नसेल तर काम क्षणात संपतं, त्याचा भार काही नाही. राहिलं असेल तर सकाळी मशीन चालू झाल्यावर तासाभरात भरून निघतं, रात्री मशीन बंद होतं का चालू याच्याशी घेणंच उरत नाही. दुकानातल्या सर्व्हरसाठी एवढा एकच बदल केला तरी बहुतेक तक्रारी थांबतात. काम खरंच जड असेल आणि धंद्याच्या वेळेत नको असेल तर आतमध्ये वेळेची अट टाका, पण मशीन रात्री बंदच होत असेल तर ती अट टाकून पुन्हा त्याच खड्ड्यात जाल.

मागच्या तारखेच्या नोंदींचं काय, हा प्रश्न लगेच येईल. कळमन्यात संत्र्याचा आंबिया बहार सुरू झाला की गाड्या रात्रभर येत असतात आणि कालच्या काही पट्ट्या आज दुपारी एंटर होतात, तोवर कालचा रोजमेळ बनून गेलेला असतो. यासाठी राहिलेल्या तारखांबरोबर गेल्या आठ दिवसांच्या तारखाही प्रत्येक वेळी नव्याने मोजा आणि "इन्सर्ट" ला "ऑन डुप्लिकेट की अपडेट" लावा, म्हणजे ओळ असेल तर आकडे दुरुस्त होतील, दुसरी ओळ बनणार नाही. तेच काम दहादा चाललं तरी उत्तर तेच आलं पाहिजे, ही कसोटी लावून पाहा. हातानेच दोनदा लागोपाठ चालवा आणि आकडे दुप्पट झाले का बघा. आधीच्या बाकीत आजचं मिळवून लिहायचं अशी पद्धत असेल तर या कसोटीत ती पडते, तिथे मूळ नोंदींवरून पूर्ण बेरीजच घ्या.

एक प्रकार असा आहे की तो असा भरून काढता येत नाही, तो आधीच ओळखा. गोदामातला आजचा शिल्लक माल, असा फोटो काढल्यासारखा आकडा रोज रात्री साठवायचा असेल आणि तुमच्याकडे फक्त चालू शिल्लकच असेल, तर हुकलेल्या दिवसाची शिल्लक नंतर मिळणारच नाही. आवक आणि जावकीची प्रत्येक नोंद तारखेसकट ठेवलेली असेल तरच मागच्या कोणत्याही दिवसाची शिल्लक काढता येते. म्हणून नवीन सॉफ्टवेअर करून राहिले असाल तर चालू शिल्लक बदलत राहणारा एकच रकाना ठेवून थांबू नका.

आणि उधारीच्या आठवणीचे एसएमएस वगैरे असतील तर उलटी काळजी घ्या. पाच दिवस बंद राहिलेलं काम उठलं आणि एका गिऱ्हाइकाला पाच मेसेज एकदम गेले तर गिऱ्हाईक भडकणार. इव्हेंटने फक्त एका टेबलात "पाठवायचं आहे" अशी ओळ टाकावी, गिऱ्हाईक आणि तारीख मिळून युनिक की, पाठवणारा प्रोग्राम वेगळा, आणि ज्याची वेळ उलटून गेली ती ओळ न पाठवता रद्द. इथे राहिलेलं सगळं करायचं नसतं, ताजं तेवढंच करायचं असतं.

एकावर एक चढलं तर

दर तासाला चालवायला सांगितलं तर हा प्रश्न येतोच. आधीचं काम संपलेलं नसेल तरी मायएसक्यूएल दुसरं सुरू करतो, तो थांबत नाही. मग दोघं एकाच टेबलात भांडत बसतात, इनोडीबीत (टेबलं साठवणारं डिफॉल्ट इंजिन) लॉकसाठी थांबायची मर्यादा डिफॉल्ट ५० सेकंद आहे, त्यानंतर एक मरतो. उपाय म्हणजे कामाच्या पहिल्या ओळीत "गेट_लॉक", कामाचं नाव आणि शून्य सेकंद. उत्तर १ आलं तर पुढे जा, नाहीतर गुपचूप बाहेर पडा. काम मधेच मेलं तरी सेशन संपताच लॉक सुटतो, त्यामुळे तो कायमचा अडकून बसत नाही. टेबलात "चालू आहे" असा स्वतःचा फ्लॅग ठेवणाऱ्यांना मात्र हा त्रास होतो, लाइट गेली की फ्लॅग तसाच राहतो आणि काम पुन्हा कधीच सुरू होत नाही, म्हणून फ्लॅग नको.

जुन्या नोंदी पुसण्याचं काम असेल तर एका दमात लाखो ओळी डिलीट करू नका, लिमिट लावून थोड्या थोड्या, प्रत्येक वेळी कमिट, आणि तारखेच्या रकान्यावर इंडेक्स आहे का ते आधी पाहा. काम हळूहळू जास्त वेळ घ्यायला लागलं तर वरच्या नोंदीच्या टेबलात ते आपोआप दिसतं, सुरू आणि संपल्याच्या वेळेतलं अंतर वाढत जातं.

बंद पडल्याचं सांगणार कोण

शेड्युलर मेला असेल तर "मी मेलो" असा मेल पाठवणारा इव्हेंटही त्याच्याबरोबरच मेलेला असतो. म्हणून पहारा बाहेरून हवा. मोठी यंत्रणा नको, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन झाल्यावर एक छोटी क्वेरी चालवा: कालपर्यंतच्या सगळ्या तारखा रोजमेळात आहेत का आणि नोंदीच्या टेबलात शेवटचं यशस्वी काम किती वेळापूर्वी झालं. दोन तासांच्या वर गेलं असेल, किंवा मशीन आत्ताच चालू झालं असेल तर तासाभरानंतरही तारीख रिकामी असेल, तर स्क्रीनवर वर लाल पट्टी दाखवा, मराठीत, "रोजमेळ १२ तारखेपासून बनलेला नाही" अशी स्पष्ट. काउंटरवरचा मुलगा ती पट्टी पाहून त्याच दिवशी फोन करतो. एरर लॉग तो कधी उघडणार नाही, आणि त्याने उघडावा अशी अपेक्षाही करू नये.

दुसरा डेटाबेस असेल तर

एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस एडिशन असेल तर तिच्यात एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतोच, शोधत बसू नका. तिथे विंडोजचा टास्क शेड्युलर आणि एसक्यूएलसीएमडी वापरा, आणि टास्कच्या सेटिंग्जमध्ये वेळ हुकल्यास शक्य तितक्या लवकर चालवायचा पर्याय आहे त्याला टिक करा, रात्री बंद होणाऱ्या मशीनसाठी तो सोन्यासारखा आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असतानाच चालव, ही अट आधीपासून टिक केलेली असते, ती काढा. पोस्टग्रेसमध्ये स्वतःचा शेड्युलर नाही, पीजी_क्रॉन हे एक्स्टेंशन बसवावं लागतं, त्याची वेळ मुळात जीएमटीत असते त्यामुळे साडेपाच तासांचा घोळ तिथेही आहे, पण एकाच कामाच्या दोन प्रती तो एका वेळी चालवत नाही आणि प्रत्येक रनची नोंद क्रॉन स्कीमातल्या जॉब_रन_डिटेल्स मध्ये ठेवतो, फक्त ते टेबल आपणच अधूनमधून साफ करायचं. ओरॅकलमध्ये डीबीएमएस_शेड्युलरची सगळी कामं एकदम थांबली असतील तर जॉब_क्यू_प्रोसेसेस शून्य तर नाही ना ते आधी पाहा. लिनक्सवर साध्या क्रॉनने करत असाल तर क्रॉनही हुकलेली वेळ भरून काढत नाही, अ‍ॅनाक्रॉन किंवा सिस्टमडीचा टाइमर पर्सिस्टंट करून वापरा, आणि क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यायला विसरू नका, नाहीतर तिथून पुढची कमांड तुटते. बॅकअपच्या फाइलला तारखेचं नाव देताना हे हमखास होतं.

एवढं करूनही अडलं तर खाली विचारा, पण विचारताना डेटाबेसचं नाव आणि पूर्ण व्हर्जन, इव्हेंट_शेड्युलरची व्हॅल्यू, इन्फॉर्मेशन_स्कीमामधली त्या इव्हेंटची पूर्ण ओळ, एरर लॉगमधल्या त्या रात्रीच्या ओळी आणि मशीन रात्री चालू असतं की बंद, हे लिहा. पासवर्ड, गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर स्क्रीनशॉटमधून आधी पुसून मगच टाका.